कडव्या वालाची रात्र

कार्तिकात पेरलेला कडवा वाल मार्गशीर्षात गुडघ्याएवढा होतो, पौषात पांढऱ्या फुलांनी भरतो आणि माघ लागता लागता शेंगा धरतो. रायगडातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच बघत आली. उर्मी घरतच्या गच्चीवरच्या वालाला मात्र हे कुणी सांगितलेलं नसावं. तो गुडघ्याशी थांबलाच नाही. कठड्यावर चढला, तिथून कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेला आणि दोरीवरून सरकत जिन्याच्या खोलीच्या खिडकीपर्यंत पोचला. पानं तळहाताएवढी, हिरवीगार. पण अर्धा पौष उलटला तरी फुलाचा पत्ता नव्हता.

"फूल नाही," खुरपं म्हणालं.

"मला दिसतंय," उर्मी म्हणाली.

खुरपं म्हणजे वसाहतीने घरोघरी दिलेला बागकामाचा रोबो. पाटाएवढं अंग, खाली चार चाकं आणि वर एक लांब हात. हाताच्या टोकाला लहानसं खुरपं होतं, म्हणून उर्मीने त्याला तेच नाव ठेवलं होतं. माती ओली आहे की कोरडी, पानामागे कीड आहे की नाही, हे ते चटकन सांगे. 'का' असं विचारलं की मात्र त्याचा हिरवा दिवा नुसताच लुकलुकत राही.

शेजारच्या गच्च्यांवर टोमॅटो लगडले होते, मिरच्या लाल झाल्या होत्या, वांगी वाकली होती. खालच्या मजल्यावरचे काका जाता-येता वर बघून म्हणत, "उर्मे, पाल्याचीच भाजी कर आता!" उर्मी हसून वेळ मारून नेई. तिला हसू मुळीच येत नसे.

कारण हा वाल साधासुधा नव्हता. घरतांच्या जुन्या शेतातलं ते बी होतं. ते शेत आता साखरखाडीच्या नव्या वसाहतीखाली गेलं होतं. उरलं होतं ते एवढं बी. ते सांभाळलं उर्मीच्या आत्याआजीने, म्हणजे बाबांच्या आत्याने. तिने, म्हणजे डॉ. कुंदा घरत यांनी, जन्मभर वनस्पती-शरीरक्रियाशास्त्र (झाड आतून कसं चालतं याचं शास्त्र) शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी बाबांशी भांडून ती टेकडीपलीकडच्या आंबेघरला राहायला गेली. यंदा दसऱ्याच्या सुमारास उर्मीची आई तिला भेटायला गेली, तेव्हा तिने बरणीतलं राखेत ठेवलेलं बी सारखं वाटून अर्धं उर्मीसाठी पाठवलं. सोबत निरोप होता: वालाचं बी फार वर्षं टिकत नाही, पेरून नवं करत राहावं लागतं. आणि एकाच घरात ठेवू नये. भुंगा लागला तर वंशच बुडतो.

उर्मीने होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं होतं.

भांडण कशावरून झालं, ते घरात कुणी बोलत नसे. आत्याआजीचं नाव निघालं की बाबा ताटातलं संपवून उठत. बाबा आरसमाळेच्या केंद्रात इंजिनिअर होते. आरसमाळ म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या पातळ, भल्यामोठ्या आरशांची रांग. सूर्य मावळला तरी उंचावरच्या त्या आरशांवर ऊन असतंच. ते ऊन आरसे खाली साखरखाडीवर पाडत. एक आरसा पुढे सरकला की मागचा त्याची जागा घेई. त्यामुळे दिवस मावळल्यावरही दोन-अडीच तास ढगाळ सकाळसारखा उजेड राही, आणि पहाटेही तो सूर्याच्या कितीतरी आधी येई. रस्त्यांवर दिवे लागत नसत. मुलं जेवायच्या वेळेपर्यंत क्रिकेट खेळत. साखरखाडीला त्याचा अभिमान होता, आणि बाबांना तर फारच.

उर्मीने हार मानली नाही. आधी तिने खताचा विचार केला. ती कुंडीतल्या मातीला दर आठवड्याला शेंगदाण्याच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी घालत होती. पण वाल द्विदल आहे. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्या गाठींत जिवाणू राहतात, आणि ते हवेतलं नत्र (पानांची वाढ करणारं अन्नद्रव्य) झाडाला आयतं आणून देतात. त्यात पेंडीचं नत्र जास्त झालं, तर झाड नुसतं पालाच काढत बसतं. तिने पेंड बंद केली. काही फरक पडला नाही.

मग तिला कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला. विषारी फवारा तिने घेतला नाही, कारण त्या माव्यावर ताव मारणारे लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे तिला तिथेच दिसले होते. फवारा दोघांनाही मारतो, आणि मावा आधी परततो. तिने सकाळी दवाने ओल्या पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरवली, उरलेलं ढालकिड्यांवर सोडलं. मावा गेला. फुलं आली नाहीत.

मग पाणी. कडवा वाल हा भातानंतरचा, शेतात उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाढणारा. रोज पाणी घातलं तर तो लाडावतो. तिने पाणी कमी केलं, ओल टिकावी म्हणून मातीवर वाळक्या पानांचं जाड आच्छादन घातलं. आच्छादनाखाली गांडुळं आली, माती भुसभुशीत झाली, वाल आणखी हातभर वाढला.

"तुझी माती उत्तम आहे," खुरपं म्हणालं. "फूल नाही."

त्या दिवशी उर्मीने त्याला पालथं घातलं.

आईने ते पाहिलं. तिने खुरप्याला सरळ केलं आणि ती म्हणाली, "रविवारी आंबेघरला जा. एसटीत मी बसवून देते. बाबांना काय सांगायचं ते मी बघीन."

एसटी टेकडी चढून उतरली की आंबेघर. आत्याआजीच्या घरामागे छोटंसं शेत होतं, आणि त्या शेतात उर्मीचाच वाल उभा होता. गुडघ्याएवढा. पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेला. त्यावर मधमाश्या गुणगुणत होत्या, आणि खालच्या बाजूला चपट्या कोवळ्या शेंगाही लोंबत होत्या.

उर्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं नव्हतं.

"तू मला वाईट बी दिलंस," ती म्हणाली. "चांगलं स्वतःकडे ठेवलंस."

आत्याआजी वाफ्यात बसून तण काढत होती. तिने मान वर केली. ती सत्तरीची, काटक, आणि बोलायला तिखट. "ये म्हणायच्या आधीच भांडायला लागलीस. घरतांचीच आहेस खरी. एकाच बरणीतलं बी आहे ते. निवडून नाही वाटलं, मूठ-मूठ मोजून वाटलं."

"मग माझं का फुलत नाही?"

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटलं असतं तर मी एवढ्या लांब आले असते का?"

आत्याआजी हसली, पण थोडंच. "बस. तुझ्या-माझ्या वालात सारखं काय काय आहे ते एकेक बाजूला काढ. सगळं काढून जे उरेल, तिथे कारण असेल."

उर्मी बांधावर बसली. बी सारखं. माती सारखी, कारण आईने दसऱ्याला इथलीच दोन पोती आणली होती. पेरणी एकाच आठवड्यातली. खत तिने बंद केलं होतं, पाणीही इथल्याइतकंच ठेवलं होतं. थंडी? टेकडीच्या अल्याडपल्याड थंडीत असा काय फरक पडणार?

"मग जागाच उरली," उर्मी म्हणाली. "पण जागेत असं काय आहे?"

"ते झाडाला विचार. तुझ्या वालाच्या सगळ्या फांद्या सारख्याच वागतात का, ते नीट बघ."

"तुला माहीत आहे. मग सांगत का नाहीस?"

आत्याआजीने उपटलेलं तण वालाच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरलं. ते करताना ती उर्मीकडे बघत नव्हती. "मी सांगितलं तर ते माझं म्हणणं होईल. माझं म्हणणं तुमच्या घरात एकदा सांगून झालंय."

परतीच्या एसटीत उर्मी खिडकीशी बसली होती. सूर्य नुकताच बुडाला होता. टेकडीच्या माथ्यावर गाडी आली, तेव्हा तिने मागे पाहिलं. आंबेघर अंधारात गेलं होतं, एखाददुसरा दिवा तेवढा दिसत होता. पुढे पाहिलं तर साखरखाडीवर लख्ख उजेड होता, पोरं पतंग उडवत होती. हे दृश्य काही तिला नवं नव्हतं. ती तेव्हा फक्त चिडलेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने दप्तर टाकलं आणि फांदी न्‌ फांदी तपासायला घेतली. कुंडीपासून कठडा, कठड्यापासून दोरी, दोरीपासून खिडकी. एक फांदी खिडकीच्या गजांतून जिन्याच्या खोलीत शिरली होती. उर्मी आत गेली.

त्या फांदीवर पांढरा तुरा होता.

छोटासाच, पण वालाचाच तुरा. उर्मी त्याच्याकडे बघतच राहिली. एकाच झाडाची फांदी, एकच मूळ, एकच माती. मग हीच का? खिडकी पूर्वेची, मोठी; दिवसभर आत भरपूर उजेड येई. तेवढ्यात आई जिना चढून आली. सवयीने तिने ती फांदी आत सारली आणि खिडकीची लाकडी दारं लावून घेतली.

"आई, हे काय करतेस?"

"रोजच लावते. डास शिरतात तिन्हीसांजेला. सकाळी ऊन आलं की उघडते."

बाहेर तिन्हीसांज होती म्हणायला. पहिला आरसा वर आला होता आणि गच्ची उजेडात न्हाली होती. खोलीत मात्र डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला. आणि त्या अंधारात उभ्या उर्मीला एकदम टेकडीच्या माथ्यावरचं दृश्य आठवलं. मागचा अंधार, पुढचा उजेड.

"आई," ती हळूच म्हणाली, "माझ्या वालाला रात्रच मिळत नाहीये."

एका फांदीवरून काही सिद्ध होत नाही, एवढं उर्मीला ठाऊक होतं. तिने दोन कुंड्यांमधले वाल छाटून सारख्या उंचीचे केले. एका कुंडीवर ती रोज सूर्य मावळला की पाण्याचं जुनं निळं पिंप पालथं घाली, वरून काळं कापड लपेटी आणि सकाळी खरं ऊन आल्यावर काढी. दुसरी कुंडी तिच्या शेजारीच, उघडी. पाणी तेवढंच, माती तीच, दिवसाचं ऊनही तेच. फरक फक्त रात्रीचा.

"झाडावर पिंप ठेवणे चूक आहे," खुरपं रोज बजावी.

"असू दे," उर्मी म्हणे.

एकदा बाबा गच्चीवर आले. पिंप पाहिलं, शेजारची उघडी कुंडी पाहिली आणि जागीच थांबले. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही, हे उर्मीच्या लक्षात आलं.

"आत्याने सांगितलं हे करायला?"

"नाही. मला सापडलं."

बाबांनी पिंपावर हात ठेवला आणि ते तसेच खाली निघून गेले. त्या संध्याकाळी त्यांनी चहाही घेतला नाही.

माघ सरत आला तेव्हा एका सकाळी पिंप काढल्यावर खुरप्याने हात लांब केला, पानांत खुपसला आणि म्हणालं, "फूल आहे." थोडं थांबून, जणू स्वतःलाच पटवत, पुन्हा म्हणालं, "फूल आहे." उघड्या कुंडीत मात्र पुन्हा वेलच पळत होता.

आत्याआजी ती कुंडी बघायला आली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घराचा उंबरा ओलांडून. बाबा केंद्रावर गेले असतानाच ती आली. तसं तिने आईला आधीच विचारून घेतलं होतं. तुरा बघून तिने उर्मीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "एक करवंटी आण, आणि बादलीत पाणी."

करवंटीच्या तळाला तिने खिळ्याने बारीक भोक पाडलं आणि ती पाण्यावर सोडली. भोकातून पाणी हळूहळू आत शिरू लागलं.

"पूर्वी लग्नाचा मुहूर्त असाच मोजत. घटिकापात्र. भांडं भरलं, बुडालं, की घटका झाली. आता समज, ही करवंटी वालाच्या पानात आहे आणि हे भरणं म्हणजे अंधार. रात्र पुरेशी लांब असली तर करवंटी बुडते आणि पान झाडाला निरोप धाडतं, 'थंडीचे दिवस आले, फुलं काढ.' आता तू अर्ध्यातच उचल बघू."

उर्मीने करवंटी उचलली. पाणी गळून गेलं.

"पुन्हा सोड. पुन्हा उचल. बुडेल कधी?"

"कधीच नाही."

"संध्याकाळी तुमचा उजेड रात्र उशिरा सुरू करतो, पहाटे लवकर संपवतो. उरलेल्या वेळात करवंटी भरतच नाही. आता खरं काय ते ऐक, कारण झाडात करवंटी नसते. पानात फायटोक्रोम (उजेड ओळखणारं रंगद्रव्य) असतं. उजेडात त्याचं एक रूप असतं, अंधारात ते सावकाश दुसऱ्या रूपाकडे वळतं. त्यावरून आणि स्वतःच्या आतल्या घड्याळावरून झाड रात्रीची लांबी ओळखतं. याला दीप्तिकालिता (दिवस-रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखणं) म्हणतात. वाल, शेवंती, अंबाडी ही लघुदिवसी झाडं, म्हणजे रात्र लांबली की फुलणारी. टोमॅटोला याचं सोयरसुतक नाही. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांना काही बिघडल्याचं कळलंच नाही."

"पण झाड रात्रच का बघतं? थंडी का नाही बघत? पाऊस का नाही?"

आत्याआजीचा चेहरा जरा उजळला. तिला असे प्रश्न फार दिवसांत कुणी विचारले नव्हते. "कारण पाऊस दगा देतो. थंडी एखाद्या वर्षी पडतच नाही. पण पृथ्वीचा आस कललेला आहे, म्हणून रात्र दर वर्षी त्याच वेळी तेवढीच लांब होते. पंचांग चुकेल, रात्र चुकायची नाही. म्हणूनच आपण म्हणतो ना, ज्या त्या बियाला ज्याचा त्याचा हंगाम! हंगाम म्हणजे नुसतं ऊन-पाणी नव्हे, त्या दिवसांतली रात्रही त्यात आली. कोट्यवधी वर्षं झाडांनी तिच्यावर विश्वास टाकला. आता रात्र खोटं बोलायला लागली. आणि ते तिला आपण शिकवलं."

"तू बाबांना हे सांगितलं होतंस?"

"आरसे वर जायच्या आधी. भर सभेत. तुझे बाबा नवे लागले होते तिथे. सगळ्यांसमोर म्हणाले, 'आत्या, झाडं घेतील जुळवून.' लोक हसले." तिने करवंटीतलं पाणी कुंडीत ओतलं. "मला लोकांचं काही वाटलं नाही."

फाल्गुनात वसाहतीच्या सभागृहात जनसुनावणी होती. आरसमाळेत आणखी आरसे जोडायचे, उजेडाचा पट्टा टेकडीपलीकडे न्यायचा, असा प्रस्ताव होता. म्हणजे आंबेघरचीही रात्र जाणार होती. उर्मी दोन्ही कुंड्या हातगाडीवर घालून घेऊन गेली. एकीत पांढरे तुरे आणि पहिल्या शेंगा, दुसरीत फक्त वेल.

तिने सगळं नीट सांगितलं. करवंटीही बुडवून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रंजना कोळी उठल्या. खाडीवरच्या मासळी बाजारातल्या, मोठ्या मनाच्या बाई.

"पोरी, तू हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "पण माझा नवरा काळोखात होडी घेऊन येताना खडकावर आपटला होता. ह्या उजेडात होड्या सुखरूप लागतात. माझी जुई शिकवणीहून एकटी घरी येते, मला घोर लागत नाही. ह्या सगळ्यापुढे मी वाल धरू का? सांग तूच."

रंजनाताई खोटं काहीच बोलल्या नव्हत्या, हेच उर्मीला लागलं.

"काळोख रोज नको," ती कशीबशी म्हणाली. "फक्त मार्गशीर्ष आणि पौष. तेवढे दिवस आरसे तिरके करा."

"वाल काय, बाजारात मिळतो," मागून कुणीतरी म्हणालं. "शेंगा आणू, मडक्यात भरून पोपटी लावू. हाय काय अन्‌ नाय काय!"

शेवटच्या रांगेत बसलेली आत्याआजी उभी राहिली. "बाजार कुठून आणतो? जिथे अजून रात्र आहे तिथूनच ना? तिथेही तुमचे आरसे गेल्यावर?"

मत घेतलं गेलं, आणि सभागृहभर हात वर झाले. उर्मीने बाबांना शोधलं. ते तिसऱ्या रांगेत होते. त्यांचा हात इतरांपेक्षा उशिरा वर गेला, पण गेला.

हातगाडी घरापर्यंत उर्मीने एकटीने ढकलली. आई मदतीला आली तर तिने आईचाही हात झटकला.

त्यानंतर कितीतरी दिवस ती बाबांशी बोलली नाही. बाबा विचारत, ती मान हलवी. शेवटी एका संध्याकाळी ते गच्चीवर आले. उर्मी कुंडीतल्या वाळलेल्या शेंगा खुडत होती.

"मी केंद्रात लिहून दिलंय," बाबा म्हणाले. "दोन महिने आरसे तिरके ठेवण्याबद्दल. तुझ्या प्रयोगासकट. त्यांनी नोंद घेतली आहे."

"वालाला नोंद वाचता येत नाही," उर्मी म्हणाली.

बाबा कठड्याला टेकले. खाली रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांकडे त्यांनी पाहिलं. "मी हात वर केला नसता तरी ठराव झालाच असता," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. म्हणून तर खाली ठेवायचा होतास."

बाबांनी शेंगांची टोपली तिच्याजवळ सरकवली आणि दुसऱ्या बाजूने खुडायला बसले. उर्मीने त्यांना उठ म्हटलं नाही. बसायलाही सांगितलं नाही.

आत्याआजीचा वाल त्या वर्षी भरपूर आला. पुढच्या वर्षी आंबेघरलाही उजेड येणार म्हणून तिने बियांच्या पुड्या बांधल्या आणि लांबलांबच्या ओळखीच्या घरी पाठवल्या. कुठे घाटावर, कुठे खाडीपार. सगळ्यांनी पेरल्याच असं नाही. एका घरून कळलं, त्यांनी आमटी केली. आत्याआजीने हे उर्मीला फोनवर सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाली, "छान झाली असेल." तिचा आवाज मात्र कोरडा होता. या वयात आता आणखी लांब जायचं बळ तिच्यात नव्हतं. ती आंबेघरलाच राहिली.

उर्मीच्या कुंडीतून ओंजळभर बी निघालं. तिने ते उन्हात खडखडीत वाळवलं, राखेत घोळवलं आणि बरणीत भरून वर झाकण आवळलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी दारात जुई कोळी उभी होती. रंजनाताईंची मुलगी, उर्मीहून एका इयत्तेने लहान. ती आधी नुसतीच चप्पल घासत राहिली.

"माझ्या आईने हात वर केला होता," ती म्हणाली.

"माझ्या बाबांनीही."

"आमच्याकडे शेवंती आहे. आजीची. तीन वर्षं फुलली नाही. आई म्हणते, माती गेली. मला वाटतं, तुझ्या वालासारखंच असेल. आमच्याकडे एक जुनं पिंप आहे, होडीवरचं. झाकलं तर फुलेल?"

"पिंप मोठं आहे? फांद्या दुमडायला नकोत."

"मोठं आहे."

"शेवंती आता लगेच नको झाकूस. पावसाळाभर वाढू दे, शेंडे खुडत राहा म्हणजे फुटवे येतील. भाद्रपद संपत आला की सुरू कर. सूर्य बुडाला की झाकायचं, ऊन आलं की काढायचं. कळ्या रंग धरेपर्यंत."

"रोज?"

"रोज. एक संध्याकाळ विसरलीस तरी ती गोंधळते."

जुईने तोंड वाकडं केलं. "तेव्हाच तर सगळे खेळायला येतात."

"हो," उर्मी म्हणाली. "मी मागच्या हिवाळ्यात एक डावही पूर्ण खेळले नाही."

उर्मीला वाटलं, आता ही जाणार. पण ती गेली नाही. चप्पल काढून आत आली आणि म्हणाली, "वालाचंही थोडं बी दे. पिंपात जागा उरेल."

उर्मी बरणी घेऊन आली. झाकण घट्ट बसलं होतं. दोघींनी मिळून ते उघडलं, आणि उर्मी जुईच्या तळहातावर एकेक बी मोजून ठेवू लागली.